म्हणे मराठीत शब्द नाहीत!

सेमी इंग्रजीचा विषय निघाला की नात्यातले कुणीतरी हमखास म्हणते, "विज्ञानाला मराठीत शब्दच नाहीत हो!" एका इंजिनियर भाच्याने तर मला आव्हानच दिले, "मामा, सॉलिड स्टेट रिले उच्च वारंवारतेचा सिग्नल नीट का अडवत नाही, ते मराठीत सांगा."

मी पडलो कला शाखेचा बी.ए. पण सांगतो. मंडळी, तुम्हीच ठरवा.

रिले म्हणजे एका विजेने दुसरी वीज चालू-बंद करणारे बटण. जुन्या रिलेत विद्युतचुंबक पट्टी ओढतो आणि 'टक्' आवाज होतो. सॉलिड स्टेट रिलेत हलणारे काहीच नाही. अनेक रिल्यांत आत एक छोटा दिवा (एलईडी) असतो. त्याच्या प्रकाशाने मॉस्फेट नावाचे अर्धसंवाहक दार उघडते. आवाज नाही, झीज नाही.

मग अडचण कुठे? हे दार बंद असले तरी त्याच्या दोन बाजू धारित्राच्या दोन पट्ट्यांसारख्या वागतात. ढोलाच्या कातड्यातून हवा आरपार जात नाही, पण थाप जाते ना? तसेच. समजा, ही धारिता १०० पिकोफॅरड आहे. घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेला तिचा अडथळा सुमारे ३.२ कोटी ओहम, म्हणजे भक्कम भिंत. १०० मेगाहर्ट्झच्या सिग्नलला तोच अडथळा उरतो फक्त १६ ओहम! बंद दार जवळजवळ सताड उघडे.

उपाय? दार लहान करा. धारिता घटते, पण उघडल्यावर वाटही अरुंद होते, म्हणजे रोध वाढतो. दुसरी युक्ती, एकापुढे एक दोन दारे ठेवा आणि मधून तिसऱ्या दाराने गळती जमिनीत सोडा. गळक्या छपराला पन्हळ लावतो तसे.

झाले! कुठे अडले मराठीचे घोडे?

रिलेला मी रिलेच म्हटले, त्यात मला कमीपणा वाटत नाही. अर्धसंवाहक हा शब्द तर मराठी विश्वकोशात आहे, आणि त्याचा पहिला खंड १९७६ सालचा! पुढे इंग्रजी पुस्तके वाचावी लागणार, हेही मान्य. पण दहा वर्षांच्या मुलाला 'कपॅसिटन्स'ची व्याख्या घोकायला लावली म्हणजे त्याला विज्ञान आले, असे समजणाऱ्यांची मला कीव येते. ते मूल 'का?' विचारायचे सोडते, कारण प्रश्न त्याला त्याच्या भाषेत पडतो आणि विचारायचा असतो परक्या भाषेत.

शब्द उसने घेता येतात. समज उसनी मिळत नाही. तेव्हा "मराठीत शब्द नाहीत" म्हणण्याआधी स्वतःला विचारा, शब्द नाहीत की सांगायची तयारी नाही?