पिंजऱ्यांतील पक्ष्याचें यकृत

गेल्या वैशाखांत आमच्या घरचा बजरीगर पक्षी गेला. मुलांनीं त्याचें नांव सोन्या ठेविलें होतें. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें, आणि प्रत्येकाचा त्याच्यावर जीव. सकाळीं आजोबांच्या हातचे शेंगदाणे, दुपारीं वहिनींनीं घातलेल्या सूर्यफुलाच्या बिया, संध्याकाळीं मुलांच्या बशींतली शेव, असा त्याचा नित्यक्रम चाले. तो गोल दिसूं लागला तेव्हां "अंगीं लागलें!" म्हणून आम्हीं समाधान मानलें. वस्तुतः ती चरबी होती, आणि छातीपोटावर दिसे तशीच ती आंत यकृतांतही सांचत होती.

पक्षी आपलें दुखणें लपवितो. रानांत आजारी दिसणारा पक्षी आधीं शिकार होतो, म्हणून हा त्याचा स्वभावच होय. माणसाची कावीळ डोळ्यांत दिसते. पोपटाच्या वर्गांत ती तशी दिसत नाहीं, कारण त्यांच्या शरीरांत पित्ताचें हिरवें द्रव्य पिवळें होत नाहीं. तें हिरवेपण विष्ठेंत उतरतें. याकरितां पिंजऱ्याखालीं रोज कोरा कागद घालावा व विष्ठेंतील पांढरा भाग नीट पाहावा. तो हिरवट वा पिवळा झाला तर यकृताची शंका घ्यावी. चोच भराभर वाढून वेडीवांकडी होणें, चोचीवर व नखांवर काळसर डाग उमटणें, थोडें उडतांच धाप लागणें, हींही लक्षणें होत. सोन्याची चोच आम्हीं दोनदां कापून आणली. ती कां वाढते, हें एकदांही विचारलें नाहीं.

शेंगदाण्यांविषयीं थोडें निराळें सांगावयाचें आहे. १९६० सालीं इंग्लंडांत सुमारें एक लाख टर्की पक्षी बुरशी धरलेल्या भुईमुगाच्या पेंडीनें मेले, व त्यांतूनच अफ्लाटॉक्सिन या यकृतनाशक विषाचा शोध लागला. आणि आपण पावसाळ्यांत दमट, खवट दाणे निवडून बाजूला काढतों ते "पोपटाला घाल" म्हणून!

विष्ठा हिरवट होण्यास सिटॅकोसिस हा संसर्गही कारण असूं शकतो, व तो माणसासही लागतो. म्हणून कागद ओला करूनच उचलावा आणि हात धुवावे. निदान पशुवैद्याकडूनच, रक्त तपासून, करून घ्यावें. माणसांच्या काविळीचे काढे चोचींत घालूं नयेत.

आहार बदलावयाचा तो कांहीं आठवड्यांत, हळूहळू. बिया एकदम बंद केल्यास पक्षी उपाशी राहतो, आणि चरबी भरलेल्या यकृतास उपवास प्राणघातक ठरतो. राळे, कोथिंबीर, गाजराचा कीस यांची संवय लावावी व लहान तराजूवर रोज वजन पाहावें. बजरीगर साधारणतः ३० ते ४० ग्रॅम भरतो. तेव्हां दोन-चार ग्रॅमही थोडे नव्हेत. खाणें सुटलें तर त्याच दिवशीं, ऊब देऊन, वैद्याकडे न्यावें.

(देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें मनाई आहे, हें सारें परदेशी जातींविषयीं समजावें.)

आतां पुतण्या दुसरा पक्षी मागतो आहे. दाणा एकाच हातानें घालावयाचा, अशी आजोबांनीं अट घातली आहे. तो हात कोणाचा, यावर घरांत अद्याप एकमत झालेलें नाहीं.