बंब धुमसतो तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पहाटेचा पारा पुष्कळदा १० अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे अंगणातला तांब्याचा बंब नीट पेटेना, नुसताच धुमसू लागला, म्हणजे घरात काय घडते ते आठवून पाहा. कोणी फुंकणी घेऊन डोळे लाल करून घेतो, कोणी आणखी चार लाकडे कोंबतो, तर कोणी ‘हा बंब आता मोडीत घाला’ असे म्हणून मोकळा होतो. तो का धुमसतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. ज्या घरात दहावीचा विद्यार्थी ज्वलनाचे समीकरण घोकत बसलेला असतो, त्या घरातही नाही. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

बंबाची रचना अगदी साधी आहे. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्याची जागा. विस्तवाला हवा मिळते ती खालून, जाळीतून. ३०० अंश सेल्सिअस तापलेल्या हवेची घनता बाहेरच्या थंड हवेच्या जवळजवळ निम्मी असते. ती नळीतून वर चढते आणि तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते. पण नळीची उंची ती किती! त्यामुळे ही ओढ मोठी नाजूक असते. जाळीवर राख साचली की ती संपलीच. वरून कितीही फुंकले, तरी खालचा रस्ता बंदच राहतो.

तेव्हा संशय आधी जाळीवर घ्यावा. थोडा विस्तव असताना राखेच्या खिडकीपाशी पेटती उदबत्ती धरा. तिचा धूर आत खेचला गेला, तर हवेचा मार्ग मोकळा आहे. मग दोष बहुधा ओल्या लाकडाचा. बाभळीच्या ओल्या ढलप्या काढून वाळलेल्या तुराट्या घालून पाहा. धूर बाहेरच रेंगाळला, तर विस्तव विझवून, बंब निवल्यावर जाळी झाडा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. जाळीही झाडली आणि लाकडेही बदलली, तर बंब पेटेल खरा; पण दोष कशात होता हे कळायचे नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फुंकणी हाती येईल.

विस्तव चांगला असून पाणी तापायला उशीर लागत असेल, तर आत डोकावा. विहिरीच्या किंवा बोअरच्या दुष्फेन पाण्यातील क्षारांचा पांढरा थर नळीवर चढलेला असतो. तांबे या थरापेक्षा शंभराहून अधिक पटींनी चांगले उष्णतावाहक आहे. म्हणजे नखाएवढा थरही भारी पडतो. लिंबूसत्त्व घातलेले कोमट पाणी काही तास ठेवले तर थर फसफसत सुटतो. ते पाणी ओतून टाकावे, पिऊ नये, आणि बंब दोन-तीनदा विसळावा.

एक चूक मात्र मी स्वतः केलेली आहे. लहानपणी एकदा पाणी न भरताच मी बंब पेटवला आणि तोटीच्या जोडाचा डाख वितळून खाली ओघळला. ‘आधी पाणी, मग विस्तव’ हा आजीचा नियम मला फार वर्षांनी समजला. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. येथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. पाणी आत असेपर्यंत जोडाचे तापमान त्याच्या फारसे पुढे जात नाही. कथलाचा डाख वितळायला १८० अंशांच्या वर जावे लागते. पाणीच त्याचे राखणदार.

आता बंब बऱ्याच घरांतून गेला आणि गॅसगिझर आला. विस्तव तोच, त्याची हवेची भूकही तीच. फक्त तो अंगणातून बंद न्हाणीघरात आला. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १५७५ किलोज्यूल उष्णता लागते. थोडी वाया जाते हे धरले तर त्यासाठी ४० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो आणि अर्ध्या घनमीटरहून अधिक हवा खर्च होते. लहान न्हाणीघरात मुळात चारेक घनमीटर हवा असते. एकामागून एक चौघांनी स्नान केले आणि खिडकी बंद असली, तर हिशेब तुम्हीच करा. प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. गॅस गळाला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या दर्पामुळे नाकाला कळते. या वायूला मात्र ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड झाले, मळमळले, भोवळ येऊ लागली, तर साबण अंगावर असला तरी दार उघडून बाहेर या. ज्योत निळी दिसते म्हणूनही निर्धास्त राहू नका.

मुलांनी अशा वस्तूंना हात लावू नये, असे पालक म्हणतात. गिझरची गॅसनळी, रेग्युलेटर, बर्नर यांच्याबाबत मी त्यांच्या बाजूचा आहे. ते काम जाणकार कारागिराचेच. पण न्हाणीघराची लांबी-रुंदी-उंची मोजायला कोणाची परवानगी लागते? शिक्षकांनाही माझी विनंती आहे की, प्रयोगवहीत एक पान बिघाडाचे ठेवा : लक्षण काय, संशय कशाचा, तपासले कसे, निघाले काय. मोडीत निघालेला एखादा बंब शाळेत आणलात, तर वर्षभर पुरेल.

आमच्या घरी हा हिशेब केला, तेव्हा गिझरमध्ये बिघाड काहीच नव्हता. बिघाड त्याच्या जागेत होता. आता तो मागच्या उघड्या ओट्यावर, छपराखाली टांगला आहे. नळी सहा फूट वाढली, त्यामुळे पहिला तांब्याभर पाणी गार येते, आणि त्यावरून घरात रोज सकाळी माझा उद्धार होतो.