घर-संसार : पदवीदानासाठी लंडनला जाताना

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींना परदेशी विद्यापीठात शिकता येते. नांदेड-लातूरच्या घरातले लेकरू इंग्लंडात पदवी घेते, तेव्हा आई-वडिलांनी समारंभाला यावे असे त्याला वाटते. पण तिकीट आणि व्हिसातच शिल्लक संपते. म्हणून वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पैसे : एक पौंड शंभर रुपयांहून महाग आहे. विमानतळावर पैसे बदलू नका, भाव वाईट मिळतो. आपल्या बँकेत पंधरा दिवस आधी फॉरेक्स कार्डाची चौकशी करा. रोख पौंड थोडेच ठेवा. कुणी जुने पौंड देऊ केले तर नीट पाहा. २० व ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत. दुकानातल्या यंत्राने रुपये की पौंड असे विचारले, तर पौंडच निवडा.

सामान : लेकरासाठी तूप, पेढे बांधू नका. भारतातून दुधाचे व मांसाचे पदार्थ नेण्यास तिथे बंदी आहे. येसर, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पीठ न्यावे.

खरेदी : किराणा आल्डी, लिडलमध्ये स्वस्त पडतो. डाळ-मसाला साउथॉल, वेम्ब्लीत मिळतो. गरम कोट इथून विकत नेण्यापेक्षा तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये पाहावा; वापरलेले चांगले कपडे थोडक्यात मिळतात. पिशवी घरून न्या, तिथे तिचे पैसे पडतात. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटली विकत घेऊ नका. पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळण्याची सोय २०२१ पासून बंद आहे.

प्रवास : लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लावावे लागते. एका तासात दुसरी बस धरली तर वेगळे भाडे पडत नाही. प्रत्येकाने आपले वेगळे कार्ड लावावे.

पाहण्यासारखे : ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही. १० किंग हेन्रीज रोड येथील घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये घेतले. चॉक फार्म स्टेशनवरून पायी जाता येते.

शेवटी एकच. मुलांच्या निर्वाह भत्त्यातून आपला खर्च करू देऊ नका. तो त्यांच्या घरभाड्याचा आणि जेवणाचा पैसा आहे. जाण्यापूर्वी दिवसांचा हिशेब मांडा. पैसे पुरत नसतील तर चार दिवस कमी राहा, पण सावकाराच्या दारी जाऊ नका.