ऐनवेळचा विनोद चालतो, ऐनवेळचा दर नाही



गणपती-नवरात्र जवळ आलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, मी गावात सूत्रसंचालन करतो. माईक हातात आला की कागद न बघता बोलतो, लोक पोट धरून हसतात. याचा धंदा होऊ शकतो का?" विचारणारे बहुतेक कॉलेजात स्किट, मिमिक्री, मूकाभिनय केलेले. आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची शेकडो पोरंपोरी दरवर्षी स्टेजवर चढतात. पदवी झाली की घरचे विचारतात, "आता काय करायलाव?" आणि ती कला ट्रॉफीसोबत कपाटात जाते.

माझं उत्तर स्पष्ट आहे. होतो, याचा धंदा होतो. पण हे काम करणारा माणूस ज्या गुणामुळे स्टेजवर जिंकतो, त्याच गुणामुळे व्यवहारात मार खातो. कसा, ते सांगतो.

आधी हे काम काय आहे ते समजून घ्या. मुंबई-बंगळुरात याला इम्प्रोव्ह म्हणतात. संहिता नाही, पाठांतर नाही. प्रेक्षक एक शब्द देतो आणि कलाकार तिथल्या तिथं प्रसंग उभा करतो. अमेरिकेत शिकागोच्या व्हायोला स्पोलिन यांनी स्थलांतरितांच्या वस्तीतल्या मुलांसाठी नाटकातले खेळ तयार केले. पुढे त्यांचा मुलगा पॉल सिल्स आणि साथीदारांनी १९५९ मध्ये तिथंच 'सेकंड सिटी' नावाचं थिएटर काढलं आणि त्या खेळांतून विनोदाचा मोठा व्यवसाय उभा राहिला. या कलेचा सगळ्यात प्रसिद्ध नियम म्हणजे "हो, आणि". समोरचा जे म्हणेल ते नाकारायचं नाही, धरायचं आणि पुढे न्यायचं.

हे ऐकून हुरळून जाऊ नका, कारण आपल्याकडे हे फार जुनं आहे. तमाशात गण झाला, गवळण आली की पेंद्या आणि मावशीची कृष्णाबरोबर जी जुगलबंदी चालते, त्यातला बराचसा भाग त्या रात्रीचा असतो. बतावणी तर त्यावरच जगते. जुन्या वगांची गोष्टही कलाकारांना तोंडी सांगून ठेवायचे, संवाद ज्याचे त्याने बोलायचे. सोंगाड्या गावात दुपारी पोचायचा, पारावर बसायचा, सरपंच कोण, भांडण कुणाचं, पाऊस झाला का, एवढं काढून घ्यायचा. रात्री तेच गावाला परत द्यायचा. लोकांना वाटायचं, याला आमचं सगळं कसं माहीत! व्यवसायाच्या भाषेत याला ग्राहकाचा अभ्यास म्हणतात. त्यासाठी आज आपण फी भरून कोर्स करतो.

दादा कोंडके बघा. वसंत सबनीसांनी लिहिलेलं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये रंगमंचावर आलं आणि त्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. संहिता एकच होती. पण दादा त्यात चालू राजकारणावर, समोर बसलेल्या माणसांवर रोज नवं जोडायचे. म्हणून एकदा बघितलेला माणूस पुन्हा तिकीट काढायचा. ठरलेला सांगाडा आणि त्यावर रोजचं ताजं मांस, अशी ती गोष्ट होती. "मी काहीच तयारी करत नाही, सगळं ऐनवेळी सुचतं," असं जो छातीठोक सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर त्याचे अजून दहाच कार्यक्रम झालेत.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. प्रा. लक्ष्मण देशपांडे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' तुमच्या आईवडिलांना विचारा, ते दहा मिनिटं नक्कल करून दाखवतील. मराठवाड्यातल्या खेड्यातलं लग्नाचं वऱ्हाड विमानानं लंडनला जातं, आणि ५२ पात्रं एकच माणूस रंगवतो. १९७९ पासून २००९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत हा प्रयोग देशात आणि परदेशात चालला, गिनीज बुकातही नोंद झाली. आज माजलगावचा संदीप पाठक तो करतो. कलेबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी धंद्याच्या नजरेनं दोन गोष्टी बघतो.

पहिली, खर्च. नेपथ्य जवळपास नाही, माणूस एक, हातात एक उपरणं. तेच उपरणं डोक्यावर घेतलं की बाई, खांद्यावर टाकलं की पुढारी. नांदेडला बोलावलं काय, न्यूयॉर्कला बोलावलं काय, तिकीट एकाचं. दुसरी गोष्ट लोक विसरतात. देशपांडे मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक होते. महिन्याचा पगार चालू होता. दादा कोंडक्यांनीही सुरुवातीच्या काळात अपना बाजारात नोकरी केली. नोकरीला लाथ मारून कलेत उडी घेतल्याच्या गोष्टी व्हिडिओत छान वाटतात. उदगीरच्या किंवा देगलूरच्या पोराला मी तो सल्ला देणार नाही.

दुसऱ्या टोकाला तमाशाचा मोठा फड. कलाकार, वादक, बिगारी, ट्रक, जनरेटर, तंबू. हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यात नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात आणि जत्रेच्या सुपाऱ्या ठरतात. तिथला दर ठरवण्याचा प्रकार प्रत्येक छोट्या उद्योजकानं समजून घ्यावा असा आहे. कलाकार तेच, वग तोच, पण ज्या तिथीला खूप गावांची जत्रा एकदम येते त्या तिथीचा दर वेगळा आणि मधल्या रिकाम्या दिवसाचा वेगळा. विमान कंपन्या आज कॉम्प्युटर लावून जे करतात, ते हे लोक पंचांग उघडून करत आले.

पण त्याच फडाची दुसरी बाजू आहे उचल. हंगामाआधी फडमालक व्याजानं पैसे उचलतो, त्यातून कलाकारांना उचल देतो आणि पुढचे सगळे महिने ती फेडण्यात जातात. म्हणजे न झालेल्या कार्यक्रमांची कमाई आधीच खाऊन झालेली असते. २०२० आणि २०२१ मध्ये जत्रा बंद झाल्या. दोन हंगाम गेले, व्याज मात्र चालूच राहिलं. कितीतरी कुटुंबं त्यात मोडली. त्यांचा विनोद कमी पडला होता का? अजिबात नाही. फड शेकडो घरं चालवतो, त्याला मी नावं ठेवत नाही. पण स्टेजवर हजरजबाबी असलेला माणूस कर्जाच्या कागदापुढे हजरजबाबी नसतो, हे मात्र लिहून ठेवा.

आता तुमच्याकडे येऊ. नांदेड-लातुरात ऐनवेळच्या विनोदाला सगळ्यात जास्त मागणी कुठं आहे? नाट्यगृहात नाही. 'खेळ पैठणीचा', हळदी-संगीत, शाळेचं गॅदरिंग, दुकानाचं उद्घाटन, पुढाऱ्याचा वाढदिवस. २००४ मध्ये टीव्हीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं आणि आदेश बांदेकरांनी घराघरांत जाऊन जे केलं, त्याची गावठी आवृत्ती आज प्रत्येक तालुक्यात आहे. मंडळाला निवेदक लागतो. त्याला बादलीत चेंडू टाकण्याचे खेळ माहीत असून भागत नाही. समोरची बाई लाजली, रागावली, उलटून बोलली, तर त्या क्षणी काय करायचं ते कळावं लागतं.

इथं मी थोडा थांबतो. सून-सासूवर, जाडीवर, रंगावर, नवऱ्याच्या दारूवर विनोद केला की हशा लगेच मिळतो. पण तुम्ही कार्यक्रम करून गाडीत बसणार आणि त्या बाईला त्याच गल्लीत राहायचंय. रात्री घरी तिला काय ऐकावं लागलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आपल्या भागात सोयरिकी चार तालुक्यांत पसरलेल्या असतात. एका गावात बाई दुखावली की तीन गावांची सुपारी बंद, आणि कुणी तुम्हाला कारणही सांगणार नाही. तुमचा विनोद बाईला जिंकवणारा पाहिजे. तिनं दिलेल्या उत्तरावर हशा आला पाहिजे, तिच्यावर नाही. "हो, आणि" चा खरा अर्थ मला तरी हाच वाटतो.

बरं, पैशाचं. बहुतेक निवेदक दर कसा सांगतात? मंडळाचा अध्यक्ष फोन करतो, "किती घेता?" हा म्हणतो, "द्या भाऊ तुमच्या मनानं." झालं! स्टेजवरची सवय फोनवर आली. ऐनवेळी सुचलं ते बोलून टाकलं.

हिशेब मांडू. समजा तुम्ही कार्यक्रमाचे ५,००० घेता. गाडी-डिझेल १,२००. साउंड बघणारा पोरगा ८००. चहापाणी, सेल, खेळाचं सामान ५००. उरले २,५००. एक दिवस कार्यक्रमाचा, एक दिवस मंडळाला भेटून जागा बघण्याचा आणि अर्धा दिवस राहिलेले पैसे मागण्याचा. म्हणजे दिवसाला हजार. वर्षाला असे ३० कार्यक्रम मिळाले तर ७५,०००, महिन्याला ६,२५०. हा आकडा कागदावर बघितला की माणूस गप्प होतो. तो गप्प झालेला बरा, कारण आता तो दर बदलेल.

मंडळाची बोलणी सुरू झाली की मागण्या वाढत जातात. "सर, सत्काराचंही तुम्हीच बघा." "लहान पोरांचे खेळ पण घ्या." "दोन तास जास्त चालवा ना." स्टेजवर तुम्ही "हो, आणि" म्हणणारे. इथंही म्हणा, पण वाक्य पूर्ण करा: "हो, आणि त्याचे इतके." भांडण नाही, नकार नाही. व्हॉट्सॲपवर चार ओळी टाका: तारीख, वेळ, काय काय करणार, रक्कम, अर्धे आगाऊ आणि उरलेले माईक हातात घेण्याआधी. कार्यक्रम संपल्यावर मंडळातला कुणी सापडत नाही, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. वाढदिवसाच्या कार्यक्रमाचं तर विचारूच नका, साहेब दुसऱ्या दिवशी मुंबईत असतात.

तिथीचा दर लावायला लाजू नका. नवरात्रातला शनिवार आणि एखादा रिकामा मंगळवार एका भावानं विकायचे नसतात. माळेगावच्या यात्रेत मार्गशीर्षात एकदा जाऊन नुसते उभे राहा. लोहा तालुक्यातला हा खंडोबाचा बाजार, घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरं. दलाल कसा बोलतो ते ऐका. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं वाक्य, वेगळी कोटी, वेगळा आव. पण त्याच्या मनातला खालचा भाव हलत नाही. तो आकडा त्यानं घरून निघतानाच ठरवलेला असतो. तुमचा ठरलाय का?

साउंड सिस्टीम लगेच विकत घेऊ नका. शिशु मुद्रा कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं म्हणून घ्यायचंच असं नाही. आधी दहा कार्यक्रम भाड्याच्या साउंडवर करा. कॉलर माईक मात्र स्वतःचा घ्या, तो तुमचा आवाज आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, आधार-पॅन जवळ ठेवा. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारा एजंट भेटला तर उठून या. पुढे बँक, शाळा, कंपनीचं काम आलं की पावती मागतातच.

आणि दर मोसमानंतर एक वही भरा. कुठल्या गावात काय चाललं, कुठं हशा आला नाही, कोणता खेळ रटाळ झाला. ऐनवेळी सुचणाऱ्या माणसाचा हाच माल आहे. किराणा दुकानदाराकडे पोती असतात, तुमच्याकडे ही वही. दोन वर्षांनी त्याच गावात गेलात आणि जुनाच विनोद मारला, तर पहिल्या ओळीतली आजी म्हणेल, "ह्ये मागं बी सांगितलावता की रं!"

नवरात्राला अजून वेळ आहे. आज रात्री तुमचे मागचे तीन कार्यक्रम घ्या, वर मांडला तसा हिशेब प्रत्येकाचा मांडा आणि दिवसाला काय सुटलं तो आकडा व्हिडिओच्या खाली लिहा. गावाचं नाव नको, तालुका पुरे. पुढच्या भागात त्यातलेच काही आकडे घेऊन मंडळाला पाठवायचा दरपत्रकाचा नमुना सोबत बसून तयार करू.