सीमा कार्डाला अडवत नाही, कागद अडवतो : माजी सैनिकांच्या एमआरआयचा प्रवास

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज, आजरा या पट्ट्यात फौजेत गेलेला माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात, त्यामुळे भरतीची ओढ आणि निवृत्तीनंतरचं येणं-जाणं दोन्ही याच शहराकडे. पेन्शनीचं काम, कँटीन आणि दवाखाना ही तीन कामं एका फेरीत उरकायची, ही इथल्या माजी सैनिकांची जुनी पद्धत. पहिली दोन कामं बहुतेक वेळा एका दिवसात होतात. दवाखान्याचं मात्र तसं नाही. त्यातही एमआरआय किंवा सीटी स्कॅन लिहून दिला, की फेऱ्यांचा हिशेब सुरू होतो.

हे का होतं, यावर पारावर दोन उत्तरं ऐकू येतात. एक, "आपण सीमेवरचे, आपल्याला कोण विचारतो?" दुसरं, "मशीनच नाहीत." पण थोडं खोलात गेलं तर दोन्ही उत्तरं अपुरी ठरतात.

कार्ड केंद्राचं, भांडण राज्यांचं

माजी सैनिकांची आरोग्य योजना म्हणजे ईसीएचएस. ती १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे आणि संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरायची. हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांना ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजरांना ६७ हजार आणि अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार रुपये, असे २०१७ च्या अखेरीस ठरलेले दर आहेत. १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धविधवांना वर्गणी माफ आहे. त्यानंतर पती-पत्नी आणि पात्र अवलंबितांवर उपचार कॅशलेस, आणि खर्चाला वरची मर्यादा नाही.

आता याची तुलना आपल्याकडच्या बाकीच्या योजनांशी करून बघा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने लगेच आक्षेप घेतला. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात २०१८ मध्ये बाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर आले. या दोन्ही ठिकाणी रुग्णाचं गाव कोणत्या राज्यात, हाच मुद्दा होता. ईसीएचएसच्या कार्डावर हा प्रश्न येत नाही. चंदगड महाराष्ट्रात आणि बेळगाव कर्नाटकात म्हणून कार्ड चालणार नाही, असं कोणी सांगू शकत नाही. चंदगडहून बेळगाव चाळीसेक किलोमीटर, कोल्हापूर शंभराच्या वर. माणूस बेळगावलाच जाणार, आणि योजना त्याला तशी मुभा देते.

म्हणजे "आम्ही सीमेवरचे म्हणून" हे उत्तर इथे लागू पडत नाही. मशीनचं म्हणाल तर बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही शहरांत एमआरआय आणि सीटी स्कॅनची सोय आहे. घोडं अडतं ते तिसऱ्याच ठिकाणी.

एका स्कॅनला किती फेऱ्या?

समजा, चंदगड तालुक्यातला ६८ वर्षांचा एक निवृत्त हवालदार आहे. कंबर दुखते, उजव्या पायात मुंग्या येतात, चालताना पाय ओढला जातो. त्याचा मार्ग साधारण असा असतो.

पहिली फेरी पॉलिक्लिनिकची. नोंदणी, रांग, मेडिकल ऑफिसरची तपासणी, गोळ्या. त्याने उतार पडला नाही तर पुढच्या वेळी हाडांच्या किंवा मेंदू-मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे रेफरल. लष्करी रुग्णालयात सोय असेल तर तिकडे, नसेल तर योजनेच्या यादीवरच्या खासगी रुग्णालयात.

दुसरी फेरी तज्ज्ञाची. तो बघतो आणि "कमरेचा एमआरआय करून घ्या" असं लिहितो. पण हातातलं रेफरल बहुधा फक्त सल्ल्यासाठी असतं. तपासणीसाठी वेगळी परवानगी लागते. म्हणून तिसरी फेरी पुन्हा पॉलिक्लिनिकला. चौथी फेरी स्कॅनची, कारण त्या दिवशीचे नंबर भरलेले असतात. पाचवी रिपोर्ट घेऊन तज्ज्ञाकडे. मध्येच रेफरलची मुदत संपली तर आणखी एक.

यातला एकही टप्पा बेकायदा नाही आणि कोणी मुद्दाम छळतं असंही नाही. रेफरलची पद्धत मुळात कशासाठी? गरज नसताना महागड्या तपासण्या होऊ नयेत आणि सरकारी पैसा खासगी रुग्णालयांच्या घशात जाऊ नये, यासाठी. हेतू योग्य आहे. पण त्याची किंमत कोण भरतो ते बघा. कँटोन्मेंटजवळ राहणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याला पाच फेऱ्या म्हणजे पाच रिक्षा. चंदगडच्या हवालदाराला पाच फेऱ्या म्हणजे पाच दिवस, सोबत मुलगा असेल तर त्याचेही पाच दिवसांचे रोजगार, एसटीचं भाडं, आणि तेवढे दिवस अंगावर काढलेलं दुखणं. योजना कॅशलेस आहे, पण खेड्यातला माणूस तिची किंमत दिवसांत मोजतो. मग दोन-तीन फेऱ्यांनंतर अनेक जण कंटाळून खासगी सेंटरमध्ये रोख पैसे भरून स्कॅन करून घेतात. ज्या योजनेची वर्गणी भरली, तिच्याबाहेर जाऊन पुन्हा खर्च.

रुग्णालयं मागे का सरतात?

दुसरी बाजू रुग्णालयांची. ईसीएचएसचे दर केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेवरून ठरतात. त्यांतले बरेचसे दर २०१४ पासून जवळपास तसेच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे दोन हजार उपचार-तपासण्यांचे नवे दर जाहीर झाले आणि २०२५ च्या अखेरीस ते ईसीएचएसलाही लागू झाले. ही सुधारणा मोठीच. पण तिच्यात शहरांचे तीन स्तर आहेत. पुणे, बंगळूर, हैदराबाद पहिल्या स्तरात. बेळगाव आणि कोल्हापूर दुसऱ्या स्तरात, तिथे दर दहा टक्क्यांनी कमी. रुग्णालयाकडे एनएबीएच ही गुणवत्तेची मान्यता नसेल तर आणखी पंधरा टक्के कमी.

दरापेक्षाही मोठं दुखणं थकबाकीचं. बिलं ऑनलाइन जातात, छाननी होते, कपात होते आणि पैसे उशिरा येतात. देशात वेगवेगळ्या भागांत खासगी रुग्णालयांनी थकबाकीचं कारण देऊन कॅशलेस सेवा थांबवल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत सातत्याने आल्या. कॅगने २०१५ मध्ये या योजनेवर स्वतंत्र अहवाल दिला होता. त्यातही औषधांचा तुटवडा आणि बिलांमधल्या त्रुटी यांवर बोट ठेवलं होतं. पॉलिक्लिनिकचे डॉक्टर आणि कर्मचारी कंत्राटी असतात, त्यामुळे माणसं टिकत नाहीत. नवा डॉक्टर आला की रुग्णाने आपली कहाणी पहिल्यापासून सांगायची.

मोठ्या शहरात एका रुग्णालयाने हात वर केले तर दुसरं सापडतं. आपल्या भागात यादीच आखूड. त्यातलं एक नाव गळलं तरी माणसाला थेट पुण्याची वाट धरावी लागते.

सत्तरीनंतरचं नवं वळण

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण सुरू झालं. गावोगावी शिबिरं लागली, कार्डं निघाली. माजी सैनिकांनी इथे थांबून विचार करायला हवा. ईसीएचएसचा लाभ घेणाऱ्याला दोन्ही योजना एकत्र मिळत नाहीत, एक निवडावी लागते.

फरक साधा आहे. आयुष्मानचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर, आणि मर्यादा वर्षाला पाच लाख. बाहेरच्या बाहेर करायचा एमआरआय, महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, तज्ज्ञाचा नुसता सल्ला यांसाठी ती योजना नाही. ईसीएचएसमध्ये हे सगळं आहे. पॉलिक्लिनिकच्या फेऱ्यांना वैतागून कोणी "मला ते नको, हेच द्या" म्हणत असेल, तर तो मोठी वस्तू देऊन छोटी घेतोय. घरातल्या मुलांनी हे आई-वडिलांना नीट समजावून सांगावं.

हातात काय आहे?

व्यवस्था बदलेपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

रेफरल हातात पडलं की खिडकीवरून हलण्याआधी ते वाचा. कशासाठी दिलंय, फक्त सल्ला की तपासणीही, आणि मुदत कधीपर्यंत, हे बघा. वयोवृद्धांसाठी रेफरलच्या अटी अलीकडे सैल झाल्या आहेत. तुमच्या वयाला काय लागू होतं, ते ऑफिसर-इन-चार्जना थेट विचारा.

तज्ज्ञाला सांगा, की चिठ्ठीवर शरीराचा भाग, कारण आणि कॉन्ट्रास्ट लागणार की नाही हे स्पष्ट लिहा. मोघम चिठ्ठीमुळे एक फेरी हकनाक वाढते. कॉन्ट्रास्ट असेल तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा आणि मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगा. स्कॅननंतर नुसता कागदी रिपोर्ट नको, फिल्म किंवा सीडीही मागून घ्या. नाहीतर पुढचा डॉक्टर पुन्हा स्कॅन सांगतो.

एक गोष्ट फौजींसाठी खास. १९७१, श्रीलंका, सियाचीन, कारगिल, काश्मीर, कुठेही अंगात छर्रा किंवा स्प्लिंटर राहिला असेल, तर एमआरआयच्या आधी तो सांगायलाच हवा. मशीनचं चुंबक जबरदस्त असतं. धातूचा तुकडा हलू शकतो किंवा तापू शकतो, आणि तो डोळ्याजवळ असेल तर धोका फार मोठा. "चाळीस वर्षं काही झालं नाही" असं म्हणून गप्प बसू नका. पेसमेकर असेल तरी तेच. गरज वाटली तर डॉक्टर आधी एक्स-रे काढतील किंवा सीटी स्कॅनचा पर्याय देतील.

आणि तातडीच्या वेळी रेफरलची वाट अजिबात बघू नका. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडी वळली, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला पहिल्या साडेचार तासांचीच मुदत असते, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. छातीत कळ आली तरी वेळेची घाई तशीच. अशा वेळी सगळ्यात जवळचं सुसज्ज रुग्णालय गाठा. ते यादीवरचं असेल तर पॉलिक्लिनिकला कळवणं त्यांचं काम. यादीबाहेरचं असेल तर घरच्यांनी ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं आणि सगळी बिलं, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट जपून ठेवायचे. खर्च ठरलेल्या दराने परत मिळतो. कळवायचं राहिलं तर पुढे दावा अडकतो.

यादीवरच्या रुग्णालयाने रेफरल असूनही पैसे मागितले तर पावती घ्या आणि लेखी तक्रार द्या. आधी ऑफिसर-इन-चार्जकडे, मग प्रादेशिक केंद्राकडे. तोंडी तक्रार चहाच्या टपरीवर विरते.

मागणी कोणती करायची?

माजी सैनिक संघटनांची निवेदनं आपण वर्षानुवर्षं वाचतो. नवीन पॉलिक्लिनिक द्या, इमारत द्या, अँब्युलन्स द्या. या मागण्या रास्त आहेत, पण त्यांना पैसा आणि वर्षं लागतात. स्कॅनच्या फेऱ्या कमी करायला इमारत लागत नाही.

रेफरल आता ऑनलाइन निघतं. मग यादीवरच्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाने लिहिलेली तपासणीही ऑनलाइन पॉलिक्लिनिककडे जाऊ शकते आणि मेडिकल ऑफिसरची मंजुरी तिथल्या तिथे मिळू शकते. रुग्णाने कागद हातात घेऊन चाळीस किलोमीटर का यायचं? जुन्या रुग्णाचं रेफरल वाढवायचं असेल तर फोनवरच्या सल्ल्यावर ते होऊ शकतं. सेनादलांची सेहत ही दूरसल्ला सेवा मे २०२१ पासून सुरू आहे आणि माजी सैनिकांनाही ती खुली आहे. दूरच्या तालुक्यांसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवणं तर स्थानिक पातळीवरही जमण्यासारखं आहे. आणि थकबाकी किती, कोणत्या महिन्यापर्यंतची बिलं भागली, हे दर तीन महिन्यांनी जाहीर व्हावं, म्हणजे रुग्णालय खरं बोलतंय की सबब सांगतंय हे तरी कळेल.

सीमाप्रश्नाचा निकाल कधी लागेल ते सर्वोच्च न्यायालयाला ठाऊक. चंदगडच्या हवालदाराच्या पाच फेऱ्या तीनवर आणायला मात्र कोणत्याही निकालाची वाट बघावी लागत नाही. कार्ड एक, योजना एक, खातं एक. पुढच्या मेळाव्यात निवेदन द्यायचं असेल, तर इमारतीच्या आधी ही एक ओळ लिहा : तज्ज्ञाने सांगितलेल्या स्कॅनची मंजुरी रुग्णाला परत न पाठवता त्याच दिवशी ऑनलाइन द्या.