भिंतीवरील पिवळा कागद

शार्लट पर्किन्स गिल्मन या अमेरिकन लेखिकेची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ च्या जानेवारींत ‘न्यू इंग्लंड मॅगेझिन’मध्यें प्रसिद्ध झाली. कथा लहान, एका बैठकींत संपणारी. परंतु क्रमाक्रमानें वाढणाऱ्या मनोविकाराचें इतकें नेमकें चित्र आमच्या वाचनांत दुसरें आलें नाहीं.

नायिका नुकतीच माता झालेली. पति स्वतः डॉक्टर. पत्नीस मज्जातंतूंचा किरकोळ क्षोभ झाला आहे, विश्रांति हेंच औषध, अशी त्याची खात्री. उन्हाळ्यापुरता तो एक जुना वाडा भाड्यानें घेतो, तिला माडीवरील खोलींत ठेवतो व तिचें लेखन बंद करवितो. मूल दाईपाशीं. खिडक्यांस गज, पलंग जमिनीशीं खिळलेला आणि भिंतींस नक्षीचा पिवळा कागद. हें सारें ती चोरून लिहिते. तेंच लिखाण म्हणजे कथा.

प्रथम तिला तो कागद नुसता ओंगळ वाटतो. मग नक्षींत डोळे दिसतात, मग नक्षीआड अडकलेली एक स्त्री. आजार बळावला असें ती कोठेंच लिहीत नाहीं. उलट विकार जसजसा वाढतो तसतशी ती अधिक जेवते, अधिक शांत दिसते आणि पतीस समाधान वाटतें! आरंभीं कागदामागें ‘ती’ असते. अखेरीस दार आंतून बंद करून कागद ओरबाडतांना ‘ती’च्या जागीं ‘मी’ आलेली असते. संस्कृत व्याकरणांत ‘ती’ हा प्रथमपुरुष व ‘मी’ हा उत्तमपुरुष. या दोहोंमधील अंतर म्हणजेच त्या बाईचें उरलेलें भान, आणि तें कोणत्या ओळीला संपलें तें बोट ठेवून सांगतां येत नाहीं.

पति दुष्ट असता तर कथा सोपी झाली असती. तो प्रेमळ आहे. फक्त ऐकत नाहीं. ती खालची खोली मागते, कागद बदला म्हणते, येथून चला म्हणते. तो लहान मुलीसारखी तिची समजूत घालतो. शरीर सुधारलें असेल, पण— इतकें ती बोलूं लागते तोंच त्याच्या नजरेनें गप्प होते. बाळंतपणानंतर सून रडते, झोपत नाहीं, मुलाकडे पाहत नाहीं, तेव्हां ‘होईल चार दिवसांत बरी’ असें आपल्या घरांतही प्रेमानेंच म्हटलें जातें. वैद्यकशास्त्र आज यास आजार मानतें व त्यावर उपचार आहेत. पण ते करणाराकडे तिला न्यावयाचें तर प्रथम कोणी तरी तिचें वाक्य पुरें होऊं दिलें पाहिजे. (कथेच्या शेवटीं मूर्च्छा येते ती डॉक्टरांनाच!)

लेखिकेनें हें अनुभवलें होतें. १८८५ मध्यें कन्या झाल्यावर तिला दारुण उदासीनें ग्रासलें. १८८७ मध्यें फिलाडेल्फियाचे प्रसिद्ध डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनीं विश्रांतीचा उपचार करून तिला घरीं पाठविलें: बौद्धिक काम दिवसाकाठीं दोन तास, लेखणीस स्पर्श जन्मांत नाहीं. सुमारे तीन महिने ही आज्ञा पाळून ती वेडाच्या उंबरठ्यापर्यंत गेली, आणि मग आज्ञा मोडून पुन्हा लिहूं लागली. १९१३ मध्यें तिनें लिहिलें आहे कीं, या कथेची एक प्रत आपण त्या डॉक्टरांस धाडली होती. पोंच आली नाहीं.