परत येईन म्हणताना

गेल्या नाताळात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे पत्र आम्हांस आले. काही वर्षांपूर्वी ती कंबोडिया देशातील सिएम रीप या गावी एका अनाथालयात तीन आठवडे स्वयंसेविका म्हणून राहिली होती. तेथे तिने मुलांस इंग्रजी गाणी शिकविली, त्यांच्याकडून चित्रे काढून घेतली, आणि निघताना तिचे बोट न सोडणाऱ्या सहासात वर्षांच्या एका मुलीस ‘मी परत येईन’ असे वचन दिले. वचन तिने पाळले. दोन वर्षे पगारातून पैसे शिल्लक टाकून, अंदाजाने त्या मुलीच्या मापाचा एक झगा शिवून घेऊन ती पुनः गेली. पाहते तो मुलगी तेथे नव्हती. तिच्या आईशी संधान बांधण्यात येऊन ती आपल्या खेड्यात घरी गेली होती. ‘सर, माझा सारा खटाटोप फुकट गेला,’ असे पत्राच्या शेवटी लिहिले आहे.

आमचे मत याच्या अगदी उलट आहे. ते येथे विस्ताराने मांडण्याचे कारण असे की, आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलामुलींस सुटीत अशाच एखाद्या परदेशी अनाथालयात सेवेसाठी न्यावे, अशी सूचना काही पालकांनी सद्भावनेने केली आहे. त्या सूचनेचा विचार होण्यापूर्वी ही दुसरी बाजूही वाचकांपुढे असावी.

सिएम रीपजवळ अंकोरची जगप्रसिद्ध देवालये आहेत आणि ती पाहण्यास देशोदेशींचे प्रवासी येतात. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीखाली त्या देशात लाखो माणसे मेली. तेव्हा पोरकी झालेली मुले असंख्य होती व त्यांच्यासाठी आश्रम निघाले यात नवल नाही. परंतु २००५ ते २०१० या पाच वर्षांत, म्हणजे लढाई थांबून बराच काळ लोटल्यावर, तेथील अनाथालयांची संख्या सुमारे पाऊणपटीने वाढली. युद्ध नाही, मोठी साथ नाही, मग ही वाढ कशाने झाली? युनिसेफ या संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत आढळले की, या मुलांपैकी चारांत तिघांचे आईबाप, निदान दोघांपैकी एक तरी, हयात होते.

याचा उलगडा कठीण नाही. खेड्यातील गरीब आईस सांगण्यात येते की, मुलाला पोटभर जेवण मिळेल, शाळा मिळेल, इंग्रजी येईल. कोणती आई नाही म्हणेल? इकडे पाहुणे येतात, कळवळतात, देणगी देतात, परत जाऊन मित्रांस सांगतात. जेथे पाहुणे अधिक तेथे पैसा अधिक, आणि पाहुण्यांस दाखविण्यास मुले हवीत. अशा रीतीने आमच्यासारख्यांची दयाच आईपासून मूल तोडण्यास साहाय्य करते. सर्वच संस्था अशा आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु तीन आठवड्यांच्या पाहुण्यास दोहोंतला भेद कळणे फार कठीण आहे.

दुसरी गोष्ट मुलाच्या मनाची. संस्थेत वाढणाऱ्या मुलांस अन्नवस्त्र मिळाले तरी एका ठरावीक माणसाची माया न मिळाल्याने त्यांची मने कशी खुरटतात, हे जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात दाखवून दिले. पुढे रुमानियात बुखारेस्ट येथे १३६ बालकांची तुलना करण्यात आली. काही बालके संस्थेतच राहिली, काही कुटुंबांत ठेवण्यात आली. कुटुंबांत गेलेल्यांची बुद्धी व माया लावण्याची शक्ती सुधारली, आणि जी लवकर गेली त्यांची विशेष सुधारली. आमची विद्यार्थिनी लिहिते की, दुसऱ्या खेपेस तिला पूर्वी कधीही न पाहिलेला एक मुलगा येताक्षणी तिच्या गळ्यात पडला. तिला ते प्रेम वाटले. आम्हांस ते वाचून भरून आले. ज्याला आपले म्हणावे असे कोणी नसते, ते मूल येईल त्याच्या गळ्यात पडते, आणि तो गेला की दुसऱ्याची वाट पाहते.

येथे कोणी म्हणेल, ‘मग वचन मोडावे काय? एकदा जाऊन विसरणाऱ्यापेक्षा परत जाणारी बरी नव्हे काय?’ बरी खरीच. मुलास दिलेले वचन मोडणे हे लहान पाप नव्हे. म्हणूनच ते देण्यापूर्वी विचार हवा. आणि ज्यांना खरोखर कोणीही नाही अशी मुलेही आहेतच. त्यांना राहणारे माणूस हवे, येणारे-जाणारे नव्हे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलीबायकांस आसरा दिला, आणि १९२२ साली देह ठेवीपर्यंत त्या केडगावी त्यांच्यातच राहिल्या. तितके राहणे ज्याला शक्य नाही, त्याने आपल्या विमानभाड्याच्या पैशांतून तेथल्याच एखाद्या बाईस पगारी नेमण्याची सोय करावी, किंवा मुलांस घरी पोचविणाऱ्या, आईस धंदा व मुलास शाळा मिळवून देणाऱ्या कार्यास ते द्यावेत. कंबोडियाच्या सरकारनेही संस्थांतील मुलांपैकी शंभरातील तीस तरी २०१८ पर्यंत कुटुंबांत परत न्यावीत असा संकल्प केला होता.

आपल्या भाषेत ‘समाचार घेणे’ हा शब्दप्रयोग आहे. नुसते तोंड दाखवून येणे म्हणजे समाचार घेणे नव्हे. काय उणे आहे, कोणामुळे उणे आहे, ते कशाने भरेल, याची विचारपूस त्यात येते. अनाथालयाच्या दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याने पहिला प्रश्न ‘या मुलास मी काय देऊ?’ असा न विचारता ‘याची आई कोठे आहे?’ असा विचारावा. उत्तर टाळण्यात आले तर देणगीही टाळावी. विद्यार्थ्यांनो, हा प्रश्न विचारण्यास सुटीतील सफर लागत नाही. पालकांनो, मुलाच्या गुणपत्रकाशेजारी शोभेल म्हणून परक्या लेकरांच्या ताटातुटीचे साक्षीदार त्याला करू नका.

त्या विद्यार्थिनीस आम्ही उत्तर पाठविले आहे. झगा तिने परत आणला असून त्याचे काय करावे असे ती विचारते. आम्ही लिहिले की, तो कोणा लहानगीस दे. ती मुलगी आता त्यात मावली नसती. दोन वर्षांत ती वाढली, आणि शेवटी आपल्या आईच्या डोळ्यांपुढे वाढू लागली. तुझे बोट तिला आता नको आहे, याबद्दल देवाचे आभार मान.